पैसा, सत्ता आणि मैदान

(एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला तो 'आजचे क्रीडाक्षेत्र, राजकारण आणि अर्थकारण' असा. एका तासात हे तीन विषय म्हणजे एकाच मांडवात तीन लग्ने उरकण्यासारखे आहे. पण विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले की, ही लग्ने तीन असली तरी वऱ्हाड एकच आहे. वर्तमानपत्रात पहिल्या पानावर राजकारण असते, मधल्या पानांत अर्थकारण आणि शेवटच्या पानावर खेळ. ही सोय छापखान्याची आहे. वस्तुस्थिती तशी नाही. शेवटच्या पानावरची कोणतीही बातमी घ्या, तिच्या मुळाशी गेलात की मधले पान लागते आणि आणखी खोल गेलात की पहिले पान लागते.

म्हणून आज मी खेळाची बातमी वाचण्याची एक पद्धत आपल्यापुढे मांडणार आहे. बातमी जिंकल्याची असो वा हरल्याची, तिला तीन प्रश्न विचारावेत. पैसा कोणाचा? सत्ता कोणाची? आणि मैदान कोणाचे? पहिल्या दोन प्रश्नांवर आपल्याकडे भरपूर चर्चा होते. तिसऱ्यावर होत नाही. माझ्या मते खरा प्रश्न तिसराच आहे.

पैसा कोणी दिला?

प्रारंभ शंभर वर्षांपूर्वीच्या पुण्यापासून करू. १९१९ साली डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांना दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून आले होते. शेतकऱ्यांची मुले अनवाणी धावत होती. त्यांचे वेग पाहून टाटांच्या मनात आले की, ही मुले जगाच्या स्पर्धेत का उतरू नयेत? त्यातून १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी एक छोटा संघ उभा राहिला. त्यात मॅरेथॉन धावणारे बेळगावचे फडेप्पा चौगुले होते, कुस्तीगीर रणधीर शिंदे होते. शिंदे चौथे आले, पदक थोडक्यात हुकले. देश पारतंत्र्यात होता, क्रीडा खाते नव्हते, शासनाची योजना नव्हती. एका उद्योगपतीची दृष्टी आणि एका नागरी संस्थेचे मैदान, एवढेच भांडवल होते.

आता १९५२. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९४८ साली लंडनला ते सहावे आले होते. तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांना साहाय्य केले होते. हेलसिंकीला जाण्याची वेळ आली तेव्हा संस्थान विलीन झालेले, देश स्वतंत्र झालेला, आणि खाशाबा मात्र वर्गणीसाठी दारोदार फिरत होते. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. शिष्याने कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर खाशाबांनी कुस्त्यांचे फड लढवून गुरूचे कर्ज फेडले, असे सांगतात. १९८४ साली रस्त्यावरील अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. दिल्लीच्या कुस्ती संकुलाला त्यांचे नाव दिले गेले, तेही २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्ताने.

आणि आता २०२४. पॅरिस येथे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. महाराष्ट्राच्या खेळाडूचे हे दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पहिल्या आणि दुसऱ्या पदकात अंतर ७२ वर्षांचे! पण या वेळी घर गहाण पडले नाही. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तो घडला, रेल्वेने नोकरी दिली, केंद्राच्या योजनेतून प्रशिक्षणाचा खर्च झाला. हा पालट मोठा आहे आणि तो मोकळ्या मनाने मान्य केला पाहिजे. १९५२ साली एका प्राचार्याने जे केले ते आज व्यवस्था करते.

तथापि, एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. पदक मिळाल्यानंतर जो पैसा वाहतो तो पदक मिळण्यापूर्वी वाहत नाही. हरियाणात ऑलिंपिक सुवर्णाला सहा कोटी, रौप्याला चार कोटी, कांस्याला अडीच कोटी रुपये मिळतात. महाराष्ट्राने आधी कुसाळेला एक कोटी जाहीर केले आणि मग ते दोन कोटी केले. राज्याराज्यांत अशी चढाओढ लागली आहे. बक्षीस द्यावे, अवश्य द्यावे. पण बक्षीस म्हणजे गुंतवणूक नव्हे. पीक आल्यावर शेतकऱ्याच्या गळ्यात हार घालणे वेगळे आणि पेरणीच्या वेळी बियाणे देणे वेगळे. हार घालताना छायाचित्र निघते. बियाणे देताना निघत नाही. राजकारण आणि अर्थकारण यांची गाठ नेमकी इथे पडते.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे घ्या. २०२२ साली राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक मिळवले आणि पुढच्या वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. हा मुलगा स्पर्धेत धावू लागला तो सैन्यात भरती झाल्यानंतर. म्हणजे लष्कराने त्याचे पाय ओळखले. त्याआधीची सारी वर्षे ते पाय आमच्या शाळांसमोरून रोज जात होते.

क्रिकेटचा डोंगर

पैशाचा विषय निघाला की क्रिकेटला दोन शब्द सुनावण्याची पद्धत आहे. मी तसे करणार नाही, कारण क्रिकेटवर राग काढणे सोपे आहे आणि निरुपयोगीही आहे. आकडे मात्र पाहू. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. म्हणजे वर्षाला साधारण ९,७०० कोटी. केंद्र शासनाच्या युवा व्यवहार आणि क्रीडा मंत्रालयासाठी २०२५-२६च्या अर्थसंकल्पातील तरतूद होती ३,७९४ कोटी. त्यात 'खेलो इंडिया'साठी एक हजार कोटी. एका स्पर्धेचे केवळ प्रक्षेपणाचे उत्पन्न देशाच्या क्रीडा मंत्रालयाच्या त्या वर्षीच्या तरतुदीच्या अडीच पट होते!

यावर कोणी म्हणेल, हा बाजार आहे. लोक पाहतात म्हणून पैसा येतो. बरोबर आहे. पण क्रिकेटला हा पैसा आयता मिळाला नाही, हेही लक्षात घ्या. मुंबईत भर पावसात खेळली जाणारी कांगा लीग १९४८ पासून आहे. शालेय स्पर्धा, वयोगटांचे सामने, रणजी करंडक अशी पायरीवर पायरी तिथे रचलेली आहे. सांगलीची एखादी मुलगी बॅट हातात घेते तेव्हा तिला पुढची पायरी कुठे आहे हे दिसते. स्मृती मानधना त्याच सांगलीची. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला हरवून भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला तेव्हा संघाचे प्रशिक्षक होते अमोल मुझुमदार. मुंबईच्या या फलंदाजाने रणजीत धावांचे डोंगर रचले आणि त्याला भारताची टोपी कधी मिळाली नाही. ज्याला स्वतःला दार उघडले नाही त्याने दुसऱ्यांसाठी ते उघडले. या विजयाच्या तीन वर्षे आधी, २०२२ साली, नियामक मंडळाने स्त्री-पुरुष खेळाडूंचे सामना मानधन समान केले होते. पुढच्याच वर्षी महिलांची लीग सुरू झाली. पैसा आधी आला, पायरी आधी बांधली गेली, चषक नंतर आला. हा क्रम ध्यानात ठेवा.

याउलट खो-खो पाहा. हा आपल्या मातीतला खेळ. त्याचे नियम पुण्यात बांधले गेले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत या खेळाचा पहिला विश्वचषक झाला आणि पुरुष व महिला अशी दोन्ही विजेतीपदे भारताने पटकावली. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे: प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. मी ही दोन नावे घेतली तेव्हा सभागृहात काही चेहरे प्रश्नार्थक झाले. दोष त्या खेळाडूंचा नाही. मातीतल्या खेळांचा अभिमान आपण भाषणात बाळगतो आणि रिमोट मात्र दुसरीकडे वळवतो. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ साली थेट बर्लिनमध्ये ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली होती. त्या मंडळींकडे ना प्रक्षेपण हक्क होते, ना प्रायोजक.

खेळ की जुगार?

पैशाविषयी आणखी एक मुद्दा, आणि तो थेट आपल्या घरातला आहे. काही वर्षे सामना लागला की जाहिरात यायची: 'संघ निवडा, कोटी जिंका'. पडद्यावर नामवंत खेळाडू आणि खाली बारीक अक्षरात, 'व्यसन लागू शकते, जबाबदारीने खेळा'. विष विकायचे आणि बाटलीवर 'जपून प्या' लिहायचे, असा हा प्रकार होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. सुमारे ४५ कोटी लोक दरवर्षी २० हजार कोटी रुपये या खेळांत घालवतात, असा शासनाचा अंदाज होता. कायदा झाला आणि भारतीय संघाच्या छातीवर ज्या कंपनीचे नाव होते ते उतरवावे लागले. ज्या व्यवसायावर कायद्याने बंदी घालावी लागली, त्याचे नाव आदल्या महिन्यापर्यंत देशाच्या गणवेशावर होते! यापेक्षा अधिक भाष्याची आवश्यकता नाही.

यात शासनालाही एक प्रश्न विचारला पाहिजे. ऑक्टोबर २०२३ पासून याच खेळांवर २८ टक्के वस्तू व सेवा कर घेतला जात होता. म्हणजे जवळजवळ दोन वर्षे तिजोरी त्यात वाटेकरी होती. निर्णय योग्य झाला, पण उशिरा झाला. आणि त्या उशिराची किंमत हप्त्यांनी कर्ज काढून खेळणाऱ्या तरुणांनी भरली.

आणि महाराष्ट्राने तर या विषयात कमाल केली. जुलै २०२५ मध्ये विधानपरिषदेत एका मंत्रिमहोदयांच्या मोबाईलवर पत्त्यांचा डाव दिसत असल्याची चित्रफीत गाजली. आपण खेळत नव्हतो, असे त्यांचे म्हणणे होते. ते आपण खरे धरू. पण गदारोळानंतर त्यांच्याकडचे कृषी खाते काढून त्यांना कोणते खाते दिले गेले? क्रीडा खाते! निर्णय घेणाऱ्यांच्या मनात विनोद करण्याचा हेतू नसेल. पण क्रीडा खाते म्हणजे शिक्षा भोगण्याची जागा आहे, हा त्यातून गेलेला संदेश विनोदाने घेण्यासारखा नाही.

चांगल्या गोष्टीला चांगले म्हणावे. सप्टेंबर २०२५ मध्ये कराचे दर बदलले तेव्हा कॅरम बोर्ड आणि बुद्धिबळाचा पट १२ टक्क्यांवरून पाचवर आला, व्यायामशाळांवरील कर १८ वरून पाचवर आला, आणि आयपीएलच्या तिकिटावर २८ वरून ४० टक्के झाला. खेळणाऱ्याला स्वस्त आणि पाहणाऱ्याला महाग! हेतुपुरस्सर असो वा योगायोगाने, क्रीडा-अर्थकारणाचे याहून चांगले सूत्र मला तरी सांगता येणार नाही.

खुर्ची आणि तिरंगा

आता दुसरा प्रश्न, सत्तेचा. आपल्याकडे खेळांच्या संघटनांवर राजकारणी मंडळी असतात, ही तक्रार जुनी आहे. मुंबई क्रिकेट संघटनेचीच नावे पाहा: मनोहर जोशी, शरद पवार, विलासराव देशमुख. तीन पक्ष, तीन माजी मुख्यमंत्री, खुर्ची एकच. तेव्हा हा रोग एका पक्षाचा नाही. आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर राजकारणी असणे हा दोषही नाही. संघटना चालवण्याचे कसब, जागा मिळवण्याची ताकद, दहा जणांना एकत्र आणण्याची हातोटी त्यांच्याकडे असते. दोष आहे तो खुर्ची न सोडण्याचा आणि हिशेब न देण्याचा.

त्याची किंमत कोण भरते? डिसेंबर २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने आपली संघटना निलंबित केली. फेब्रुवारी २०१४ मध्ये सोची येथील हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनाला आपले खेळाडू तिरंग्याविना, ऑलिंपिकच्या ध्वजाखाली चालले. ऑगस्ट २०२२ मध्ये 'फिफा'ने भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केले; सुदैवाने काही दिवसांत ते उठले. ऑगस्ट २०२३ मध्ये निवडणुका वेळेत न घेतल्यामुळे कुस्ती महासंघ निलंबित झाला आणि सप्टेंबरमध्ये जागतिक स्पर्धेत अंतिम पंघालसारखी मुलगी कांस्यपदक जिंकली ती तटस्थ ध्वजाखाली. तत्पूर्वी त्याच वर्षी देशाच्या नामवंत महिला कुस्तीगीर गंभीर तक्रारी घेऊन दिल्लीच्या रस्त्यावर बसल्या होत्या. त्या प्रकरणाचा न्याय न्यायालय करील. पण मुलींना तक्रार नोंदवण्यासाठी पदपथावर बसावे लागते ही गोष्ट न्यायालयाच्या निकालाची वाट न पाहता लज्जास्पद आहे. राष्ट्राभिमान आपण क्रीडारसिकांकडून अपेक्षितो. तो आधी पदाधिकाऱ्यांकडून अपेक्षिला पाहिजे. खेळाडूच्या छातीवरून तिरंगा उतरला तो कोणा शत्रूमुळे उतरला नाही, आपल्याच माणसांच्या खुर्चीच्या मोहाने उतरला.

या दृष्टीने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेला राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा हे योग्य पाऊल आहे. राष्ट्रीय क्रीडा मंडळ, तंटे सोडवण्यासाठी न्यायाधिकरण, कार्यकारिणीत खेळाडूंना आणि महिलांना स्थान, अशा तरतुदी त्यात आहेत. परंतु माहितीचा अधिकार लागू होतो तो शासनाचे अनुदान घेणाऱ्या संघटनांना. ज्या मंडळाला अनुदानाची गरजच नाही ते सर्वांत श्रीमंत मंडळ त्यातून निसटते. माझे म्हणणे सरळ आहे. जो संघ 'भारत' या नावाने खेळतो, त्याच्या हिशेबावर भारतीयाचा अधिकार आहे. अनुदान रुपयांचेच असते असे नाही. देशाचे नाव वापरायला मिळणे हेही अनुदानच आहे, आणि ते सर्वांत मोठे आहे.

सत्तेचा विषय पाकिस्तानशी खेळण्यावाचून पूर्ण होत नाही. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला पर्यटकांना धर्म विचारून मारले. मे महिन्यात ऑपरेशन सिंदूर झाले. सप्टेंबरमध्ये दुबईत आशिया चषकात आपण पाकिस्तानशी तीनदा खेळलो, तिन्ही वेळा जिंकलो, हस्तांदोलन केले नाही, आणि पाकिस्तानचे गृहमंत्रीच आशियाई क्रिकेट परिषदेचे अध्यक्ष असल्याने त्यांच्या हातून चषकही घेतला नाही. खेळाडूंच्या भावनेविषयी मला आदर आहे. धोरणाविषयी मात्र प्रश्न आहे. द्विपक्षीय सामने नाहीत, बहुराष्ट्रीय स्पर्धेत खेळू, हे शासनाचे घोषित धोरण आहे. त्यामागचा युक्तिवादही समजतो. उद्या ऑलिंपिक भरवायचे असेल तर नियम पाळावे लागतात. पण मग बहुराष्ट्रीय क्रिकेट स्पर्धांत हे दोन संघ पुनःपुन्हा एकाच गटात कसे येतात? ही चिठ्ठ्यांची कृपा नव्हे, जाहिरातींच्या दराची कृपा आहे. शत्रुत्व दाखवायचे तर त्या उत्पन्नावर पाणी सोडून दाखवावे. पैसा मंडळाने घ्यायचा आणि शत्रुत्व पंचवीस वर्षांच्या पोराने हात मागे घेऊन निभवायचे, ही वाटणी मला मान्य नाही. हुतात्म्यांच्या आणि मृतांच्या कुटुंबांनाही ती मान्य होईल असे वाटत नाही.

तीनशे पासष्टावा दिवस

नोव्हेंबर २०२५ मध्ये २०३०च्या राष्ट्रकुल स्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला मिळाले. २०३६च्या ऑलिंपिकसाठीही भारताने इच्छापत्र दिले आहे. आनंदाची गोष्ट आहे. १९५१ आणि १९८२च्या आशियाई स्पर्धांनी स्वतंत्र भारताला आत्मविश्वास दिला होता. परंतु २०१०ची दिल्लीही आठवली पाहिजे. पदकतालिकेत आपण दुसरे आलो, ३८ सुवर्णांसह १०१ पदके मिळाली. तरी लोकांच्या स्मरणात राहिले ते गैरव्यवहारांचे आरोप. पदके जिंकणाऱ्यांचे यश खर्च करणाऱ्यांच्या अपयशाखाली गाडले गेले.

आपल्या घराजवळचे उदाहरण बालेवाडीचे. १९९४च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल उभे राहिले. २००८च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धाही तिथे झाल्या. कोणत्याही क्रीडा संकुलाची परीक्षा स्पर्धेच्या पंधरा दिवसांत होत नाही. ती होते उरलेल्या साडेतीनशे दिवसांत. तिथे सकाळी सहा वाजता कोण धावते? शेजारच्या वस्तीतल्या मुलाला आत प्रवेश आहे का? शुल्क त्याच्या बापाला परवडते का? अहमदाबादला हेच प्रश्न २०३१ साली विचारले पाहिजेत, आणि त्यांची उत्तरे आजच आराखड्यात लिहून ठेवली पाहिजेत.

मैदान कोणाचे?

इथे मी तिसऱ्या प्रश्नावर येतो. पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्याला सहा पदके मिळाली, एक रौप्य आणि पाच कांस्य. पदकतालिकेत क्रमांक ७१. एवढ्या मोठ्या देशाला इतकी कमी पदके का, यावर मोठमोठी विवेचने झाली. आनुवंशिकता, आहार, हवामान, मानसिकता. मला वाटते, आधी साधे गणित करावे. आपल्या गल्लीतल्या मुलाच्या पायापासून किती अंतरावर मोकळी, सपाट, विनामूल्य जागा आहे?

आता थोडे कायद्याचे बोलतो. कंटाळू नका, कारण हे आपल्या घराशेजारचे आहे. शहराचा विकास आराखडा होतो तेव्हा त्यात काही भूखंड खेळाच्या मैदानासाठी आरक्षित होतात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत ती जागा संपादित झाली नाही, तर जमीनमालक खरेदीची सूचना देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची कार्यवाही झाली नाही, तर आरक्षण आपोआप संपुष्टात येते. मालकाचा यात दोष नाही. त्याची जमीन अनंत काळ अडकवून ठेवणे अन्यायाचेच आहे. दोष आहे तो दहा वर्षे झोपलेल्यांचा. कोणी मैदान हिसकावून घेत नाही, दंगा होत नाही, मोर्चा निघत नाही. केवळ एक दिनांक उलटतो आणि एक मैदान नकाशावरून पुसले जाते. पुढे तिथे इमारत उभी राहते. तिच्या जाहिरातीत 'मुलांसाठी खेळण्याची जागा' असते: रबराचा गालिचा, दोन घसरगुंड्या, आणि 'चेंडू खेळण्यास मनाई' अशी पाटी.

पाहा, अर्थकारण, राजकारण आणि क्रीडा ही तिन्ही त्या एका भूखंडावर कशी एकत्र आली! संपादनाला पैसा नाही असे पालिका म्हणते, हे अर्थकारण. पैसा कुठे खर्चावा हे सभागृह ठरवते, हे राजकारण. आणि संध्याकाळी सहा वाजता मुलगा मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसतो, हे क्रीडा.

शाळांचे तेच. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला क्रीडांगण असावे असे स्पष्ट लिहिले आहे. आपण मुलाचा प्रवेश घेताना संगणककक्ष पाहतो, वर्ग वातानुकूलित आहेत का ते पाहतो. मैदान किती मोठे आहे आणि त्यावर गाड्या लावलेल्या आहेत की मुले आहेत, हे किती जण पाहतात? खेळाचा तास गणिताच्या सरांना उसना दिला जातो आणि आपण पालक त्यांचे आभार मानतो! खेळाडूंसाठी शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी बनावट प्रमाणपत्रे मिळवल्याची प्रकरणे याच महाराष्ट्रात उघडकीस आली. न खेळता खेळाडू होण्याची हौस समाजाला जडते तेव्हा दोष फक्त प्रमाणपत्र विकणाऱ्याचा नसतो.

मी मध्यमवर्गाविषयी थोडे कठोर बोलत आहे, याची मला जाणीव आहे. पण ते बोलले पाहिजे. आपल्याला मुलगा खेळाडू व्हावा असे वाटत नाही. शेजाऱ्याचा व्हावा असे वाटते. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला तेव्हा आपल्याला आनंद झाला. तिच्या पालकांनी किती वर्षे तिच्या वेळापत्रकाभोवती आपले आयुष्य बांधले असेल, याचा विचार मात्र आपण करीत नाही. आणि प्रत्येकाने विजेते व्हावे असे मी म्हणतच नाही. मैदानावर जे मिळते ते पदकाहून मोठे आहे. हरल्यावर प्रतिस्पर्ध्याचा हात हाती घेणे, पंचाचा चुकीचा निर्णय पचवणे, आपल्याहून गरीब किंवा वेगळ्या जातीच्या मुलाकडून बाद होणे आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच आपल्या संघात मागून घेणे. हे कोणत्याही शिकवणीत मिळत नाही. समरसतेवर शंभर व्याख्याने द्या, एक खो-खोचा डाव त्यांहून अधिक काम करतो.

सैनिक मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाले. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये जलतरणात त्यांनी भारताला पहिले सुवर्ण मिळवून दिले. सांगली जिल्ह्याचा हा पुत्र. पुढे २०२४च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये भारताने २९ पदके मिळवली. त्यात सांगलीच्याच सचिन खिलारीचे गोळाफेकीतले रौप्य होते. शरीराची उणीव त्यांना अडवू शकली नाही. आपल्या धडधाकट मुलांना अडवते आहे ती जागेची उणीव आणि आपली अनास्था.

तेव्हा करायचे काय? मी तीनच कामे सुचवतो. पहिले, जानेवारी २०२६ मध्ये राज्यातील २९ महापालिकांच्या निवडणुका झाल्या. मुंबईसारख्या ठिकाणी तर जवळजवळ चार वर्षे प्रशासकाचाच कारभार होता. आता विचारायला आपला नगरसेवक आहे. आपल्या प्रभागाचा विकास आराखडा मागून घ्या, त्यात मैदानासाठी आरक्षित भूखंड कोणते ते पाहा, आणि प्रत्येकापुढे आराखडा लागू झाल्याचे वर्ष लिहा. ज्याची दहा वर्षे भरत आली असतील त्याविषयी लेखी विचारा. दुसरे, आपल्या मुलाच्या शाळेत पुढच्या पालकसभेला गुणांविषयी विचारण्याआधी खेळाच्या तासाविषयी विचारा. तिसरे, ज्यांना शक्य आहे अशा कार्यकर्त्यांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी मैदानावर उभे राहावे. शिट्टी लागेल, चुना लागेल आणि चिकाटी लागेल. चौथी वस्तू लागत नाही.

आणि नगरसेवकाकडे जाल तेव्हा एकटे जाऊ नका. दहा मुलांना बरोबर न्या. अर्जाचे उत्तर टाळता येते. चेंडू हातात घेऊन दारात उभ्या असलेल्या मुलांना उत्तर द्यावेच लागते.